ठाऊक असून शंका

मी ज्या माणसावर गेली सात वर्षं प्रबंध लिहितो आहे तो सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राहत होता, आणि त्याने माझ्यापेक्षा पुष्कळ भरभर लिहिलं. त्याचं नाव इथे देत नाही. ते उच्चारताना माझीच जीभ अडखळते, आणि आमच्या घरात त्याला नावाने कुणी ओळखतही नाही. तो पाद्री होता, लांब झगा घालायचा, विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवायचा, एवढं मी आईला एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून तो आमच्याकडे ‘तुझा महाराज’ झाला. शनिवारी मी गावी गेलो की आई आधी माझी चौकशी करते आणि मग महाराजांची. संपला का तुझा महाराज, असं विचारते. मी म्हणतो, अजून दोन प्रकरणं आहेत. हे उत्तर मी तीन वर्षं देतो आहे.

गाव आमचं वैशाखऱ्याच्या जरा अलीकडे, माळशेज घाटाच्या रस्त्यावर. नोकरी शहापूरला, कनिष्ठ महाविद्यालयात. अकरावी-बारावीच्या कला शाखेच्या मुलांना मी तर्कशास्त्र शिकवतो. हा विषय घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की यात पाठांतर कमी आणि मार्क बरे. उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्या विषयात जागा मिळालेली नसते. अभ्यासक्रमात महाराज नाहीत, पण तास संपायला दहा मिनिटं उरली की मी त्यांची कोडी काढतो. ‘मी आत्ता बोलतोय ते वाक्य खोटं आहे.’ हे वाक्य खरं मानलं तर ते खोटं ठरतं आणि खोटं मानलं तर खरं. फळ्यावर हे लिहून मी एकदा मोठ्या ऐटीत वर्गाकडे वळलो, तर मागच्या बाकावरची डोळखांबकडची एक मुलगी म्हणाली, “सर, मग बोलूच नका.” वर्ग हसला आणि मी चिडलो. नंतर वाचताना कळलं की त्या काळी विद्वानांची एक अख्खी फळी असंच म्हणत होती, की असं वाक्य बोलणारा माणूस मुळात काही बोललेलाच नसतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसं सांगितलं. मुलीला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

या लोकांची आणखी एक खोड होती. उघड उघड खोट्या वाक्याचं उदाहरण हवं असलं की ते बिनदिक्कत लिहीत, ‘तू गाढव आहेस.’ त्यांच्या ग्रंथांत पानोपानी हे गाढव सापडतं. मी ते जसंच्या तसं फळ्यावर घेतलं, आणि आठवड्याभरात एका पालकांची तक्रार आली. प्राचार्यांच्या खोलीत उभं राहून चौदाव्या शतकातल्या गाढवाचा खुलासा करण्याची वेळ माझ्यावर आली होती. तेव्हापासून मी गाढवाच्या जागी टेबल घेतो.

पण मला सांगायचंय ते मामाचं.

मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. डोळखांबच्या वर, डोंगराला लागून त्याचं घर आहे. मी दहावीत असताना वडील गेले, आणि तेव्हापासून आमच्या घराचा निम्मा भार मामाने उचलला. आवणीला तो बैल घेऊन यायचा, आधी आमची भातं लावायचा आणि मग स्वतःची. अकरावीला मला शहापूरच्या कॉलेजात घेऊन गेला तोच. खिडकीसमोर दोन तास रांगेत उभा राहिला, आणि नंबर आल्यावर आतल्या कारकुनाला विचारलं की कुठला विषय घेतला म्हणजे पोरगं हुशार होईल. कारकून कंटाळलेला होता. त्याने सांगितलं, तर्कशास्त्र घ्या. मामाने तो शब्द दोनदा म्हणून घेतला आणि फॉर्मवर मला लिहायला लावला. माझ्या आयुष्याचा धंदा असा ठरला. पुढे मी एम.ए. झालो आणि त्याच कॉलेजात तासिकेवर लागलो, तेव्हा मामाने पाड्यावर पेढे वाटले आणि लोकांना सांगितलं की हा विषय मीच निवडला.

मामाला एक मुलगी. माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमच्याकडे रीत अशी की मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. हक्क हा शब्द मला आवडत नाही, पण तोच वापरतात. मुलगी लग्नाची झाली की बाप आधी बहिणीच्या घरी जाऊन भाच्याला विचारणार, आणि भाच्याने नाही म्हटल्यावरच बाहेर स्थळं बघणार. भाच्याचं उत्तर येईपर्यंत ती मुलगी कुणाला दाखवायची नाही. न विचारता बाहेर बघणं हा बहिणीचा अपमान समजतात.

चौदा वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मामा आला, आईने ओवाळलं, जेवणं झाली, आणि पडवीत सुपारी कातरता कातरता त्याने मला विचारलं. घुमवून फिरवून नाही. पोरगी आता लग्नाची झाली, तुझं काय म्हणणं आहे ते सांग, असं विचारलं.

माझं उत्तर नाही असं होतं. ते मला त्याच क्षणी माहीत होतं, त्याच्याही आधी माहीत होतं. ती आणि मी लहानपणी सुट्टीत एका ताटात जेवलो होतो, करवंदांवरून एकमेकांना बोचकारलं होतं. तिच्याशी लग्न ही गोष्ट माझ्या डोक्यात बसेचना. पण समोर बसलेल्या माणसाने आमची शेतं आधी लावली होती. त्याच्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, “मामा, इचार करून सांगतो.” मामा खूश झाला. शिकलेलं पोरगं आहे, विचार करणारच, असं आईला म्हणाला.

मग मी दोन वर्षं विचार केला. होळीला विचार चालू होता, गणपतीत चालू होता, पुढच्या दिवाळीत आधी नोकरी पक्की होऊ दे असं झालं. त्या दोन वर्षांत तिला दोन चांगली स्थळं सांगून आली आणि मामाने दोन्ही परत पाठवली, कारण भाच्याचं उत्तर यायचं होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे पहिल्या स्थळाबद्दल मला आईनेच सांगितलं होतं.

शेवटी एका चैत्रात मामा आला तो उन्हातून, पाणीही न पिता. मी त्या दिवशी शहापूरला होतो. पुढचं सगळं मला आईकडून कळलं आहे. मामा म्हणाला की तुझ्या पोराचं उत्तर कधीच ठरलंय, तो आपल्याला नादाला लावतोय. आई म्हणाली, माझं पोर खोटं बोलत नाही, त्याला कळत नाही म्हणून तो सांगत नाही. मामाने विचारलं, मग मी खोटा का? आई म्हणाली, होय, तू खोटा. माझ्या पोराला खोटं म्हणणाऱ्याने माझ्या दारात येऊ नये, असंही म्हणाली. मामाने चपला घातल्या आणि तो गेला. त्याच वैशाखात त्याने मुलीचं लग्न किन्हवलीकडच्या एका घरी करून दिलं. आम्हाला पत्रिका आली नाही.

त्यानंतर बारा वर्षं मामा आला नाही. आईचं म्हणणं, त्याने आधी यावं. मामाचं म्हणणं, तिने आधी बोलवावं. आईला ही गोष्ट किती लागली होती हे ती कधी बोलून दाखवायची नाही, पण भाऊबीजेला लपवता यायचं नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. आई दर भाऊबीजेला दिवस मावळला की ताट घेऊन खळ्यात जायची आणि द्वितीयेच्या चंद्राला ओवाळायची. तो चंद्र जेमतेम अर्धा-पाऊण तास असतो, म्हणून घाईने जायची. शेजारच्या बायका बघायच्या. भाऊ जिवंत असताना चंद्राला ओवाळणं बरं दिसत नाही, असं एकीने म्हटल्यावर आईने तिच्याशीही बोलणं टाकलं.

आणि या सगळ्यात मी काय करत होतो, तर प्रबंध लिहीत होतो. महाराजांच्या ग्रंथात एकमेकांत अडकलेल्या वाक्यांची कोडी आहेत. एक माणूस म्हणतो, दुसरा बोलतोय ते खरं आहे. दुसरा म्हणतो, पहिला बोलतोय ते खोटं आहे. मी त्याच्या जोडीला आमच्या घरचं उदाहरण बसवलं: बहीण म्हणते भाऊ आला तर बोलवीन, भाऊ म्हणतो बहिणीने बोलावलं तर येईन. बाण काढून छान आकृती केली. मुंबईला एका चर्चासत्रात ती पडद्यावर दाखवली तेव्हा लोक हसले, आणि माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या की उदाहरण मातीतलं आहे. मला फार बरं वाटलं. परतीच्या वाटेवर मी शहापूरला त्या प्रकरणाची झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंगही करून घेतलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या दिवाळीत तेच बाड घेऊन मी गावी गेलो. सुट्टीत शेवटची दोन प्रकरणं पुरी करायची होती. वसुबारशीच्या आदल्या दुपारी आई पडवीत सुपात नाचणी पाखडत होती आणि मी खांबाला टेकून वाचत होतो. तिने विचारलं की आता काय चाललंय महाराजांचं. मी म्हणालो, खेळ चाललाय. तिला वाटलं मी टाळतोय, म्हणून मी नीट सांगायला बसलो.

तो खेळ खरोखरचा आहे. त्या काळच्या विद्यापीठांत पोरं तो खेळत, आणि त्याच्या नियमांवर मोठमोठ्या माणसांनी ग्रंथ लिहिले. दोघंजण समोरासमोर बसतात. एक विचारणारा, दुसरा उत्तर देणारा. विचारणारा आधी एक खोटी गोष्ट सांगतो आणि ती धरून चाल म्हणतो; ती घडण्यासारखी असली तर धरायला नकार देता येत नाही. मग तो एकेक वाक्य टाकत जातो आणि उत्तर देणाऱ्याला तीनच उत्तरं देता येतात: मान्य, अमान्य आणि शंका. धरलेल्या गोष्टीतून जे निघतं ते खोटं असलं तरी मान्य करायचं. तिच्या विरुद्ध जे जातं ते खरं असलं तरी अमान्य करायचं. आणि ज्याचा तिच्याशी काही संबंध नाही, तिथे जगात जे असेल ते सांगायचं. खरं असेल तर मान्य, खोटं असेल तर अमान्य, ठाऊकच नसेल तर शंका. आपल्याच बोलण्यात अडकलात की हरलात. विचारणाऱ्याने वेळ संपली असं म्हटलं की खेळ थांबतो आणि धरलेली गोष्ट सुटते.

आई चौथी शिकलेली. पण हे तिला माझ्या बारावीच्या वर्गापेक्षा लवकर समजलं. मी म्हणालो, महाराज आपल्या पडवीत बसलेत असं धर. तिने धरलं. मी म्हणालो, पडवीत कुणीतरी बसलंय. मान्य. पडवी रिकामी आहे. अमान्य. महाराज मेलेत. इथे ती जरा थांबली आणि म्हणाली, मेलेला माणूस बसेल कसा, अमान्य. महाराजांना चहा आवडतो. तिने सुपातला एक खडा वेचून टाकला आणि म्हणाली, शंका. मला हसू आलं. त्या काळी इंग्लंडात चहा होता की नव्हता हे मलाही आठवत नव्हतं.

मग तिने विचारलं, “आनि ठावं असून शंका म्हटली तर?”

मी म्हणालो, तर तो हरला. शंका हे उत्तर ज्याला खरंच ठाऊक नाही त्याच्यासाठी आहे, महाराजांनी तसं स्पष्ट लिहिलंय. आईने मान हलवली आणि पाखडायला घेतलं. मी पुन्हा वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. गाईला ओवाळून झालं, दुपारची जेवणं झाली, आणि आई सूप घेऊन पडवीत आली. म्हणाली, आज मी विचारणार आणि तू उत्तर द्यायचं. मी बाड मिटून ठेवलं. मला मजा वाटत होती.

“तू मामाच्या पोरीशी लगीन केलंस,” आई म्हणाली. “धर.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष नाचणीकडे होतं. घडू शकणारी कुठलीही गोष्ट धरायला नकार देता येत नाही, हा पहिला नियम मीच तिला शिकवला होता. मी म्हणालो, धरलं.

मामा तुझा सासरा, ती म्हणाली. मान्य. तू कधी लग्न केलंच नाहीस. अमान्य. खरं असून अमान्य, असं म्हणून ती जराशी हसली. मी लग्न केलेलं नाही, पुढेही जमलं नाही, त्याचं तिला वाईट वाटतं. मग म्हणाली, मामा आपल्या घरी येतो. इथे मी थोडा वेळ घेतला. लग्न केलं म्हणजे सासरा घरी येतोच असं काही निघत नाही, म्हणजे संबंध नाही, म्हणजे जगात असेल ते सांगायचं. मी हळूच म्हणालो, अमान्य. तिने तेही समजून घेतलं. संबंध नसला की खरं सांगायचं ना, असं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मी म्हणालो, होय.

“मामानं तुला हितं बसून इचारलं. त्या घडीला तुला तुझं उत्तर ठावं व्हतं.”

आयुष्यभर मी हेच शिकवत आलो आहे, त्यामुळे डोकं आपोआप चाललं. माणूस लग्न करो वा न करो, त्या दिवशी त्याला ठाऊक असू शकतं किंवा नसू शकतं. धरलेल्या गोष्टीतून हे निघत नाही आणि तिच्या विरुद्धही जात नाही. संबंध नाही. तिसरं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, चौदा वर्षं तेच देत होतो. आईने हात थांबवले होते. सूप तिच्या मांडीवर होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, “मान्य.”

“उत्तर ‘नाय’ असं हाय, ह्ये ठावं व्हतं.”

“मान्य.”

तिने सूप खाली ठेवलं. “टाइम सपला,” ती म्हणाली. मग खेळाबाहेरचं एकच वाक्य बोलली, “म्हंजे माझा भाव खरं बोलत व्हता.” मी होय म्हणालो. ती आत गेली. नाचणी तशीच राहिली, संध्याकाळी मी ती भरून ठेवली.

बारा वर्षं मी समजत होतो की कोडं त्या दोघांचं आहे आणि मी ते बाहेरून सोडवतो आहे. तिने भाऊ तोडला होता तो माझ्या शब्दावर. माझं पोर खोटं बोलत नाही, या एका वाक्यावर ती बारा वर्षं उभी होती, आणि ते वाक्य खोटं आहे हे या जगात एकट्या मला माहीत होतं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रागावून आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. वेळेवर ताट वाढायची, चहा द्यायची, चौदसला पहाटे उटणं आणि कढत पाणीही काढून ठेवलं, पण तोंडातून शब्द नाही. बाकी वेळ आतल्या खोलीत पेटीला टेकून बसायची. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. चौदसला अंघोळ झाली तशी मोटारसायकल काढली. कुठे चाललोय ते मी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

डोळखांबच्या वरचा तो रस्ता आता पुष्कळ सुधारलाय. मामा खळ्यावर भात झोडत होता. केस सगळे पांढरे झालेले, बाकी अंगाने तसाच. त्याची मुलगी दिवाळीला माहेरी आली होती. ती आता आरोग्य केंद्रात नर्स आहे. ती पेंढ्या हातात देत होती आणि तिचा लहान मुलगा पेंढ्यावर लोळत होता. मला बघून मामाने हातातली पेंढी झोडून पुरी केली आणि मगच तो थांबला. त्याने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं. मामाशी बोलताना मी कॉलेजातलं मराठी बोलूच शकत नाही.

“मामा, तू इचारलं व्हतंस त्याचं उत्तर नाय असं व्हतं. मला त्याच दिशी ठावं व्हतं. तुझ्या तोंडावर बोलाया भ्यालो.”

मामाने झोडलेली पेंढी बाजूला टाकली. मग म्हणाला, “तवाच बोलला असतास तर मी दोन दिस जेवलो नसतो. तिसऱ्या दिशी जेवलो असतो.” आणि मुलीकडे हात करून म्हणाला, “मला काय सांगतोस. तिला सांग.”

मी तिच्याकडे वळलो. तिने पदराने तोंडावरचा भुसा पुसला. म्हणाली, “ऐकलंय मी, दादा. मला ठावंच व्हतं. दोन वरसं समद्यांनी तुझं उत्तर इचारलं, माझं कोनीच इचारलं नाय.” तिचा आवाज चढलेला नव्हता. मामाने मान खाली घातली आणि मीही. मग तिने मुलाला सांगितलं की मामाला पाणी आण. ते पोर कुठला मामा म्हणून इकडे तिकडे बघायला लागलं, तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

पाणी पिऊन झाल्यावर मामाने विचारलं, “बायला ठावं हाय ह्ये?” आईला तो बाय म्हणतो.

मी म्हणालो, परवापासून.

“मंग काय म्हनते ती?”

मी म्हणालो, काही म्हणत नाही, आत एकटी बसून असते.

मामा उठला. अंगावरचा भुसा झटकला, दोरीवरचा सदरा घातला. अर्धं भात झोडायचं राहिलं होतं. मी म्हणालो, मामा, भाऊबीज अजून तीन दिवसांवर आहे. तो माझ्यावर खेकसला, “दोन दिस ती एकटी बसलीय, आनि तू मला वार सांगतोस?” मुलीने घाईघाईने नव्या भाताचे पोहे पिशवीत भरून दिले. तो मागे बसला, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली, आणि किन्हवली, सरळगाव, टोकावडं करत आम्ही निघालो. वाटेत मी मनात शंभर वाक्यं जुळवत होतो. आई काय म्हणेल, मामा काय म्हणेल, मधे मी काय बोलायचं. पहिल्यांदा कोण बोलणार या प्रश्नाचं उत्तर मला घरी पोचेपर्यंत सापडलं नव्हतं.

गाडीच्या आवाजाने आई उंबऱ्यात आली होती. मामा उतरला. पडवीच्या पायरीपाशी येऊन तो थांबला, पाय वर टाकला नाही. आईचे ओठ हलत होते. माझी मान आपोआप खाली गेली.

“तुझं खरं निघालं,” आई म्हणाली. “मी तुला खोटा म्हटलं.”

“मी खरा ठराया नाय आलो गो, बाय,” मामा म्हणाला. “सकाळपासून काय खाल्लं नाय. भूक लागलीय.”

आईने पदर तोंडाला लावला. मग दाराची एक बाजू सोडून आत वळली आणि जाता जाता मला म्हणाली, “उबा काय रायलास, पाट टाक.” दोन दिवसांत ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मामाने चपला काढल्या. मी आत जाऊन पाट आणला.